गाडी रात्री कुठे उभी असते?

सकाळी खाली उतरल्यावर गाडी जागेवर दिसली नाही, की गिरगाव-दादरच्या माणसाच्या मनात चोरीचा विचार पहिला येत नाही. पहिला विचार टोइंगवाल्यांचा येतो. शेजाऱ्याने ढकलून पुढे तर नेली नाही ना, हा दुसरा. मग वॉचमनला विचारायचं, मुलाला फोन लावायचा, वाडीच्या तोंडापर्यंत एक फेरी मारायची, वाहतूक पोलिसांकडे चौकशी करायची. ‘गाडी चोरीला गेली’ हे शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत तासभर सहज गेलेला असतो. शिवाय गाडी प्रत्यक्षात हलली ती पहाटे तीनला. तेव्हापासूनचे चार तास आधीच हातातून निसटलेले असतात.

मुंबईत या तासांची किंमत गेल्या काही वर्षांत फार वाढली आहे. पूर्वी लालबागहून गाडी पळवणाऱ्याला सायन गाठून वाशी नाहीतर मुलुंडचा नाका ओलांडावा लागे. २०१३ मध्ये ईस्टर्न फ्रीवे झाला. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि शिवडीहून समुद्रावरून थेट चिर्ल्याकडे उतरणारा सुमारे २२ किलोमीटरचा रस्ता परळ-लालबागच्या दाराशी आला. त्याच वर्षी सागरी किनारा रस्त्याने वरळी आणि मरीन ड्राइव्ह जोडले गेले. पहाटे तीनला काळाचौकीहून निघालेली गाडी चार वाजायच्या आत रायगड जिल्ह्यात असू शकते. मालक सातला खाली उतरतो तेव्हा ती घाट चढून गेलेली असते, आणि तिच्या नंबर प्लेट्सही बहुधा बदललेल्या असतात.

ट्रॅकर घ्यायचा की नाही आणि कोणता, हा विचार इथून सुरू व्हायला हवा. ट्रॅकरने दार जास्त घट्ट लागत नाही, काच फुटायची राहत नाही. गाडी हलणं आणि ते मालकाला कळणं, यांमधला वेळ तो कमी करतो. त्याचं काम एवढंच आणि तेच मोलाचं. त्यामुळे चांगलं उपकरण कोणतं याचं उत्तर खोक्यावर छापलेल्या वैशिष्ट्यांच्या यादीत मिळत नाही. गाडी रात्री कुठे उभी असते, तिला कोणकोण हात लावतं आणि पहाटे फोन वाजला तर घरात कोण उठतं, या तीन गोष्टी ठरल्या की निम्मी निवड आपोआप होते. पुढील पानांत एकेका उपकरणाची ओळख येईल. ही प्रस्तावना त्याआधीच्या प्रश्नांसाठी आहे.

गाडी राखायचे उपाय या शहराला नवे नाहीत. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर पद्मिनी बनत होती त्या काळात गिअरला लोखंडी कुलूप, स्टीअरिंगला आडवा दांडा आणि मेकॅनिकने डॅशबोर्डखाली बसवलेला चोर स्विच, एवढा बंदोबस्त असे. इग्निशनच्या वायरीत घातलेलं ते साधं बटण कुठे आहे हे मालक आणि ड्रायव्हर यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नसे. ते बंद असलं की स्टार्टर फिरायचा, पण इंजिन पेटायचं नाही. जुन्या गाडीसाठी हा उपाय आजही उत्तम आहे, आणि त्यासाठी दरवर्षी रिचार्ज करावं लागत नाही.

पुढे किल्लीत चिप आली. चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होईना, तेव्हा चोरांनीही हत्यारं बदलली. स्टीअरिंगच्या खाली, सर्व्हिस सेंटरचा माणूस जिथे स्कॅनर जोडतो, तो ओबीडी सॉकेट असतो. तिथेच आपलं यंत्र जोडून कोऱ्या किल्लीची गाडीशी ओळख करून द्यायची, ही आज भारतभरच्या टोळ्यांची नेहमीची पद्धत आहे. बटणावर सुरू होणाऱ्या गाड्यांत घरात टांगलेल्या किल्लीचा सिग्नल ताणून दारापर्यंत आणला जातो. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या एका टोयोटा आरएव्ही४ च्या चोरीचा सविस्तर उलगडा प्रसिद्ध झाला. चोरांनी पुढच्या दिव्याजवळची वायर उघडी करून तिथून गाडीच्या अंतर्गत जाळ्यात खोटा संदेश सोडला होता आणि गाडीने तो खरा मानून दार उघडलं होतं. त्या गाडीचा मालक मोटारींच्या सायबर सुरक्षेचा अभ्यासक होता. कुलूप कितीही शहाणं झालं तरी ते उघडणारा कुणीतरी भेटतोच, असं गृहीत धरून केलेली तयारी म्हणजे ट्रॅकर.

तो काम कसा करतो, याबद्दल दुकानांतही एक गैरसमज ऐकू येतो. उपग्रह गाडीवर नजर ठेवतो, असं सांगितलं जातं. उपग्रहाला गाडी दिसत नाही. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह फक्त अचूक वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतात. किमान चार उपग्रहांचे सिग्नल ऐकून गाडीतलं यंत्र स्वतःची जागा मोजतं. इथवर बाहेर कुणालाच काही कळलेलं नसतं. ती जागा मालकाला कळवायचं काम यंत्रातलं सिमकार्ड करतं, आपल्या फोनसारखंच, मोबाइल कंपनीच्या टॉवरमार्फत. म्हणजे ट्रॅकर दोन ठिकाणी अडू शकतो: वर आकाश दिसत नसेल तर, आणि टॉवरची रेंज नसेल तर. मे २००० पर्यंत अमेरिकी लष्कर नागरी वापरासाठीचा सिग्नल मुद्दाम ढोबळ ठेवत असे आणि चूक शंभर मीटरपर्यंत जाई. गिरगावात शंभर मीटरमध्ये तीन-चार वाड्या येतात. तेव्हाचा ट्रॅकर इथे काय कामाचा होता, ते सांगायला नको.

आज ही चूक मोकळ्या जागी काही मीटरवर आली आहे. पण दक्षिण आणि मध्य मुंबईत मोकळी जागा आहे तरी कुठे?

गिरगावापासून सुरुवात करू. मुगभाट, ठाकूरद्वार, झावबावाडी, खोताची वाडी. इथल्या गल्ल्या गाड्यांसाठी आखलेल्याच नव्हत्या. रात्री एकामागे एक, एकाला खेटून एक अशा गाड्या लागतात. मागच्याला सकाळी लवकर निघायचं असतं, म्हणून पुढचा गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक न लावता वर जातो. सकाळी दूधवाला, वॉचमन, शेजारचा मुलगा, कुणीही ती चार हात पुढे ढकलतो. ही व्यवस्था विश्वासावर चालते आणि बरी चालते. आता अशा गाडीत धक्का लागताच फोन वाजवणारा ट्रॅकर बसवला, तर तो रोज पहाटे साडेपाचला वाजेल. पहिले दोन दिवस मालक गॅलरीत धावत येईल, तिसऱ्या दिवशी ॲपचा आवाज बंद करील, आणि ज्या रात्री खरंच गरज असेल त्या रात्री फोन मुका असेल. वाडीतल्या गाडीला धक्क्याची सूचना नको. इंजिन सुरू झाल्याची सूचना हवी, आणि जिओफेन्स, म्हणजे नकाशावर आखलेली हद्द, वाडीपेक्षा जरा मोठी, दोनशे मीटरच्या आसपास हवी. ढकललेली गाडी हद्दीतच राहते. चालवत नेलेली गाडी मिनिटाभरात बाहेर पडते. या एका बारकाव्यावर इथे उपकरणाची उपयुक्तता ठरते, आणि विकणारे नेमकं हेच विचारत नाहीत.

शिवाजी पार्क किंवा हिंदू कॉलनीच्या रस्त्यांवर उलट स्थिती आहे. गाड्या फुटपाथच्या कडेला सुट्या उभ्या असतात, रस्ते रुंद, डोक्यावर झाडं असली तरी आकाश बरंच मोकळं. इथे गाडीला रात्री कुणी हात लावायचं कारण नसतं, म्हणून धक्क्याची सूचना इथे खरोखर उपयोगी पडते. बंद गाडी उचलून नेली जात असेल, मग ती चोराच्या ट्रेलरवर असो वा टोइंगच्या गाडीवर, ते तत्काळ कळतं.

परळ-लालबागचे प्रश्न आणखी वेगळे. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांखाली गाड्या दोन-तीन मजले खोल तळघरात, नाहीतर यांत्रिक पार्किंगच्या लोखंडी पाळण्यांत असतात. तिथे उपग्रह दिसत नाही आणि बऱ्याच ठिकाणी मोबाइललाही रेंज नसते. ॲपवर गाडी ‘शेवटची दिसली’ ती टॉवरच्या फाटकाशी. गाडी बाहेर पडेपर्यंत ट्रॅकर आंधळा आणि मुकाच असतो. बाहेर आल्यावरही उंच इमारतींच्या काचांवर आपटून येणाऱ्या सिग्नलमुळे नकाशावरचा ठिपका या गल्लीतून त्या गल्लीत उड्या मारतो. अशा ठिकाणी पहिला पहारा फाटकावरच्या रजिस्टरचा, कॅमेऱ्याचा आणि पार्किंगवाल्याकडे किल्ली कोण देतं याचा. ट्रॅकर हा दुसरा पहारा. घेताना एकच विचारायचं: आकाश दिसल्यावर हा किती सेकंदांत जागा पकडतो, आणि नुसत्या जीपीएसवर अवलंबून आहे की ग्लोनास, नाविक अशा इतर यंत्रणांचे उपग्रहही ऐकतो?

गणपतीच्या दिवसांत लालबागच्या मालकाला आणखी एक काम असतं. रस्ते बंद होतात, मंडप पडतात, म्हणून गाड्या आधीच वडाळ्याला किंवा माटुंग्याला नातेवाइकांकडे नेऊन लावल्या जातात. हद्द मात्र ॲपमध्ये लालबागचीच राहते. नव्या जागी नवी हद्द आखायला दोन मिनिटं लागतात, पण ती कुणाला आठवत नाहीत. लाखोंच्या गर्दीत मोबाइलचं जाळंही कोंडतं. चांगलं उपकरण अशा वेळी नोंदी स्वतःकडे साठवून ठेवतं आणि रेंज मिळताच पाठवतं. टॅक्सी, बस अशा सार्वजनिक वाहनांसाठी भारतात एआयएस-१४० नावाचं मानक आहे. २८ नोव्हेंबर २०१६ च्या अधिसूचनेने अशा वाहनांत ट्रॅकर आणि आपत्कालीन बटण बंधनकारक झालं, आणि १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या वाहनांना ते लागू झालं. त्या मानकात ४०,००० नोंदींची साठवण आणि गाडीची बॅटरी तोडली तरी चार तास चालेल अशी अंतर्गत बॅटरी मागितली आहे. खासगी गाडीला हे बंधन नाही. पण दुकानात दोन खोक्यांमधून एक निवडायचं असेल, तर हे दोन आकडे विचारावेत. त्यांवरून उपकरण कशासाठी बनवलंय ते कळतं.

दुकान म्हटलं की या भागातल्या माणसाचे पाय दोनच ठिकाणी वळतात: गाडीच्या सामानासाठी ऑपेरा हाऊस, इलेक्ट्रॉनिक्ससाठी लॅमिंग्टन रोड. दोन्हींकडे ट्रॅकर मिळतात. ढोबळमानाने त्यांचे चार प्रकार. ओबीडी सॉकेटमध्ये खोचायचा, जो मालकाला दहा सेकंदांत लावता येतो आणि चोराला दोन सेकंदांत उपटता येतो. वायरिंगमध्ये जोडायचा, जो लपवता येतो. चुंबकाने चिकटणारा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा, जो चार्ज करायचं लक्षात ठेवावं लागतं. आणि गाडीच्या कंपनीनेच बसवलेला. २०१९ मध्ये ह्युंदाई व्हेन्यू, एमजी हेक्टर आणि किया सेल्टॉस या गाड्या जोडणीच्या सोयीसह आल्या आणि त्यानंतर ही सोय इतर कंपन्यांतही पसरली. ज्यांच्या गाडीत ती आधीच आहे त्यांनी नवा ट्रॅकर घेण्याआधी तिचं सदस्यत्व चालू आहे का ते पाहावं. पहिली काही वर्षं ते फुकट असतं, मग संपतं, आणि संपल्याचं अनेकांच्या गावीही नसतं.

वायरिंगमधला ट्रॅकर घेतला तर खरं काम उपकरणापेक्षा फिटरचं असतं. घाईतला फिटर तो स्टीअरिंगखालच्या पॅनेलमागे दोन चिकटपट्ट्यांनी लावून मोकळा होतो. चोरही सगळ्यात आधी तिथेच हात घालतो. उपकरण लोखंडी पत्र्यामागे गेलं तर त्याला उपग्रह ऐकू येत नाहीत. प्लास्टिकच्या मागे, ॲन्टेनाची बाजू वर करून ते बसवावं लागतं. वायरी तीन: एक कायम बारा व्होल्टची, एक इग्निशनची, एक अर्थ. जोड सोलून पिळलेला नको, सोल्डर केलेला किंवा कनेक्टरचा हवा, आणि कायमच्या वायरीत फ्यूज हवा. फिटरने मल्टिमीटर काढला की तो काम जाणतो, असं समजायला हरकत नाही. गाडी बंद असताना उपकरण किती करंट खातं हे त्याला तिथेच मोजून दाखवायला सांगावं. २० मिलिअँपिअर फार वाटत नाही. पण तेवढा करंट महिनाभर चालू राहिला तर १४.४ अँपिअर-अवर होतो, आणि छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ ची. मे महिन्यात कोकणात जाऊन परतलेल्या माणसाची गाडी सेल मारेनाशी होते ती यानेच, आणि मग वैतागून ट्रॅकरच काढून टाकला जातो.

अलीकडे अनेक जण ब्लूटूथचा छोटा टॅग गाडीत टाकून निश्चिंत होतात. ॲपलचा एअरटॅग एप्रिल २०२१ मध्ये आला, भारतात ३,१९० रुपयांना. गूगलनेही २०२४ मध्ये अँड्रॉइड फोनांचं तसं जाळं सुरू केलं. टॅगमध्ये ना सिम असतं ना उपग्रह ऐकायची सोय. जवळून जाणाऱ्या परक्या फोनांच्या आधारे तो आपली जागा कळवतो. भेंडीबाजार किंवा दादर स्टेशनजवळ फोनांचा तुटवडा नाही. घाटातल्या एखाद्या शेडमध्ये मात्र तो गप्प बसेल. दुसरी अडचण अशी, की आपल्याबरोबर अनोळखी टॅग फिरतोय हे तो चोराच्या फोनला कळवतो. बायकांचा पाठलाग करणाऱ्यांना आळा बसावा म्हणून ही सूचना मुद्दाम ठेवली आहे आणि ती तशीच राहायला हवी. म्हणून टॅग हा मुख्य ट्रॅकर होऊ शकत नाही. पण शेवटच्या पन्नास मीटरसाठी त्याच्यासारखा सोबती नाही. उपग्रहाचा ट्रॅकर ‘या गल्लीत’ म्हणून सोडून देतो, तिथून पुढे कोणत्या गॅरेजच्या शटरमागे गाडी आहे ते टॅग सांगतो. पाच-सहा हजारांचं अंदाजपत्रक असेल तर एक महागडं उपकरण घेण्यापेक्षा वायरिंगमधला एक बरा ट्रॅकर आणि वेगळ्या जागी लपवलेला एक टॅग, ही जोडी शहाणपणाची.

फास्टॅगचाही असाच उपयोग झाला आहे. जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या कर्वेनगरातून एक एसयूव्ही चोरीला गेली. पहाटे मालकाच्या फोनवर तळेगाव टोलनाक्यावर पैसे कापल्याचा संदेश आला. त्या संदेशांच्या मागावर पोलिस निघाले आणि गाडी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर सापडली. मुंबईकराने मात्र यावर फार विसंबू नये. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून दहिसर, मुलुंडचे दोन्ही, ऐरोली आणि वाशी या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. पैसे कापले जात नाहीत, त्यामुळे फोनही वाजत नाही. अटल सेतूवर टोल आहे, पण काचेवरचा स्टिकर खरवडायला चोराला कितीसा वेळ लागतो?

इथपर्यंतचा विचार एका मालकाच्या सोयीचा झाला. ट्रॅकरच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा मात्र शेजाऱ्यांच्या फायद्याचा आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८६ मध्ये लोजॅक नावाची यंत्रणा सुरू झाली. गाडीत कुठेतरी लपवलेला रेडिओ प्रक्षेपक आणि पोलिसांच्या गाड्यांत त्याचा माग काढणारे संच, असं तिचं स्वरूप होतं. गाडीवर स्टिकर नसे, कुठल्या गाडीत यंत्र आहे हे बाहेरून ओळखता येत नसे. इयान आयर्स आणि स्टीव्हन लेविट या दोघांनी तिचा अभ्यास करून १९९८ मध्ये निष्कर्ष मांडला, की जिथे हे यंत्र पसरलं त्या शहरांत एकूणच गाडीचोऱ्या घटल्या, ज्यांनी यंत्र घेतलं नव्हतं त्यांच्यासुद्धा. यंत्र घेणाऱ्याच्या वाट्याला एकूण फायद्याचा दहावा हिस्साही येत नव्हता. बाकीचा सगळ्या शहराला मिळत होता. स्टीअरिंगवरचं ठळक कुलूप चोराला शेजारच्या गाडीकडे पाठवतं. लपवलेला ट्रॅकर त्याला सगळ्याच गाड्यांबद्दल साशंक करतो. ज्या वाडीत चाळीस गाड्या एकाला खेटून उभ्या असतात, तिथे दहा जणांनी ट्रॅकर बसवले आणि कुणी बसवले हे बाहेर बोललं गेलं नाही, तर चाळीसही गाड्यांना त्याचं संरक्षण मिळतं. गृहनिर्माण संस्था सीसीटीव्हीवर एकत्र खर्च करतात. या खर्चाचाही तसाच विचार त्यांनी करावा. विकत घेताना दुकानदार हौसेने ‘जीपीएस ट्रॅकिंग’चा स्टिकर देतो, तो काचेवर लावू नये.

चोरीची किंवा टाकून दिलेली गाडी फक्त मालकाची डोकेदुखी असते, असं मुंबईला तरी म्हणता येणार नाही. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांनंतर वरळीत सोडून दिलेल्या एका मारुती व्हॅनमध्ये शस्त्रं सापडली, आणि तिच्या नोंदणीवरून पोलिस माहीमच्या अल-हुसैनी इमारतीपर्यंत पोहोचले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दोन अतिरेक्यांनी दक्षिण मुंबईत एक स्कोडा गाडी बळकावली. तिची माहिती वायरलेसवरून पुढे गेली आणि गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत डी. बी. मार्ग पोलिसांनी ती अडवली. तिथेच तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीला हात घालून त्याला जिवंत पकडून दिलं आणि स्वतःचे प्राण दिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये कारमायकल रोडवर जिलेटिनच्या कांड्या ठेवलेली जी स्कॉर्पिओ सापडली, तिच्या चोरीची तक्रारही आधीच नोंदली गेलेली होती. गाडी कुठे आहे हे लवकर कळण्याचं मोल या शहराने फार जवळून पाहिलं आहे.

आता एका धोक्याबद्दल. अनेक ट्रॅकर फोनवरून इंजिन बंद करण्याची सोय देतात. फिटर इंधनपंपाच्या वायरीत रिले बसवतो, मालकाने ॲपमध्ये बटण दाबलं की गाडी बंद पडते. संतापलेल्या मालकाला हे बटण लगेच दाबावंसं वाटतं. पण फ्रीवेवर ऐंशीच्या वेगात इंजिन बंद झालं तर पॉवर स्टीअरिंग जड होतं, ब्रेकची मदत जाते, आणि मागून येणाऱ्या निरपराध माणसाचा जीव जाऊ शकतो. वेग अगदी कमी झाल्यावर किंवा गाडी थांबल्यावरच इंजिन तोडणारं उपकरण असेल तरच ही सोय घ्यावी. नसेल तर रिले बसवूच नये. नव्या गाडीची वायर कापली तर वॉरंटीचा प्रश्न येतो तो वेगळाच.

उपकरणाचीही राखण करावी लागते. २०२२ मध्ये मायकोडस कंपनीच्या एमव्ही७२० या ट्रॅकरमध्ये गंभीर त्रुटी सापडल्या. सुरुवातीचा पासवर्ड १२३४५६ होता आणि परक्या माणसाला गाडीचा माग काढणं, इतकंच काय इंधन तोडणंही शक्य होतं. या कंपनीची उपकरणं दीडशेहून अधिक देशांत पसरलेली होती. स्वस्त ट्रॅकर घरी आणून पासवर्ड तोच ठेवणं म्हणजे आपण रोज कुठे असतो हे अनोळखी माणसाला सांगत राहणं. गाडी ड्रायव्हर किंवा घरातलं दुसरं कुणी चालवत असेल, तर गाडीत ट्रॅकर आहे हे त्यांना सांगितलेलं असावं. चोरावर ठेवलेली पाळत घरच्या माणसावर बसता कामा नये.

विम्यात मोठी सूट मिळेल या आशेने कुणी ट्रॅकर घेत असेल तर निराशा होईल. पुण्याच्या एआरएआयने मान्यता दिलेलं चोरीरोधक उपकरण बसवून ऑटोमोबाइल असोसिएशनकडून ते प्रमाणित करून घेतलं, तर जुन्या मोटार टॅरिफप्रमाणे ओन डॅमेजच्या हप्त्यावर अडीच टक्के सूट आहे, तीही जास्तीत जास्त ५०० रुपये. दाव्याच्या वेळी विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, एफआयआर मागते, आणि तपास निष्फळ ठरल्यावर पोलिसांचा ‘अ समरी’ अहवाल मागते, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. एफआयआर वेळेत झाला असेल तर विमा कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणाने खरा दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात स्पष्ट केलं. तरीही दोन्हींकडे त्याच दिवशी कळवणं हिताचं.

ट्रॅकर काय करू शकत नाही हेही आधीच माहीत असलेलं बरं. मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर मुंबई-पुण्यात चोरीला जात होते ते आतल्या कन्व्हर्टरमधल्या पॅलेडियम, प्लॅटिनमसारख्या धातूंसाठी. गाडी जागेवरच असते, ॲपवरचा ठिपका हलत नाही, आणि सकाळी गाडी ट्रॅक्टरसारखी गरजते. आरशांच्या चोरीचंही तसंच. त्यासाठी उजेडातली जागा, कॅमेरा आणि जागा वॉचमन, हेच उपाय.

पहाटे फोन वाजला आणि ठिपका खरोखर पळताना दिसला, तर आधी ११२ लावायचा, ॲपमधून थेट जागेची लिंक पोलिसांना द्यायची, मग पोलिस ठाणं गाठायचं. हद्द लालबागची असेल तर काळाचौकी, गिरगावात व्ही. पी. रोड किंवा डी. बी. मार्ग. हद्दीवरून कुणी परत पाठवू लागलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठे घडला याची अट न ठेवता कोणत्याही ठाण्यात खबर नोंदवता येते, हे सांगावं. ठिपक्याचा पाठलाग मालकाने स्वतः करू नये. पलीकडे टोळी असते. जाताना आरसीची प्रत, चासिस आणि इंजिन क्रमांक, आणि ट्रॅकरचं लॉगिन ज्या फोनवर आहे तो फोन, चार्जरसह, जवळ असावा.

गाडी सापडली तरी ती लगेच दारात येत नाही. ती मुद्देमाल ठरते आणि न्यायालयाच्या आदेशाने सुपूर्तनाम्यावर परत मिळते. जप्त गाड्या ठाण्याच्या आवारात गंजत ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात बजावलं आहे; अर्ज करताना वकिलाला त्याची आठवण करून द्यावी. गाडी हातात आली की तीन कामं उरतात: सर्व किल्ल्या नव्याने प्रोग्रॅम करून घेणं, ॲपचा पासवर्ड बदलणं, आणि ट्रॅकर काढून दुसऱ्या जागी बसवणं, कारण ज्यांनी गाडी नेली होती त्यांनी तो कुठे आहे हे तोवर शोधलेलं असू शकतं.